लाइनीतली खोली

बहिणीच्या शाळेत इंग्रजीच्या मास्तरांनी एकदा अभ्यास दिला. रोजच्या बोलण्यात येणारा एक इंग्रजी शब्द घ्यायचा आणि त्याचे सापडतील तेवढे अर्थ लिहून आणायचे. कोणी ‘टाइम’ घेतला, कोणी ‘नंबर’. बहिणीनं ‘लाइन’ घेतला. दुसरा कोणता घेणार होती? आम्ही राहतच लाइनीत होतो.

मध्य प्रदेशात, बालाघाटहून भरवेलीच्या पुढं, जंगलाच्या अंगाला मँगनीजची एक लहान खाण होती. ती बंद पडून आता बरीच वर्षं झाली. कामगारांसाठी तिथं कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, एकेका लांब छपराखाली दहा-बारा खोल्या काढलेल्या होत्या. अशा एका रांगेला लाइन म्हणत. आमच्यापुढं बावडी, म्हणजे पायऱ्यांची विहीर, म्हणून आमची ती बावडीची लाइन. बाजारात, लग्नात, कुठंही कोणी ‘कुठले तुमी?’ म्हणून विचारलं की गावाच्या आधी आम्ही लाइन सांगायचो. खोली एकच, पुढं लहानशी ओसरी, मागं चूल. पण ती खोली बाबांना खाणीनं दिली होती आणि गावातल्या कोणाच्या मेहरबानीनं मिळाली नव्हती, याचा त्यांना फार अभिमान होता.

मी तेव्हा नुकताच बीए झालो होतो. आमच्या घरात माझ्या आधी चौथीच्या पुढं कोणी गेलेलं नव्हतं, म्हणून बहीण आधी माझ्याकडेच आली. मी कॉलेजातल्या एका मित्राकडून जुनी डिक्शनरी घेतली होती, ती उघडली. त्या एवढ्याशा शब्दानं जवळजवळ अख्खा रकाना अडवला होता. रेघ, ओळ, रांग, दोरी, कपाळावरची आठी, कवितेचा चरण, घराण्याचा वंश, धंदा, मासे धरायच्या गळाचा दोरा. मी वाचत गेलो, ती तोंडाला पदर लावून हसत गेली.

“साहेबलोकाले दुसरे शब्द नोहोते काय गा दादा? एकाच बैलाले किती गाड्या जुपल्या!”

“लिहून घे गुमान.”

“तुह्या पुस्तकातल्या राहू दे. मी आपल्या इथच्या आनते.”

आणि ती खरंच लाइनीत खोल्याखोल्यांतून फिरली. अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली मुलगी, दोन वेण्या, पायात काही नाही. मी ओसरीवर बसून ऐकत होतो.

बाबा म्हणाले, लाइन म्हणजे पटरी. एक छोटी लाइन, ती बालाघाटची. एक बडी लाइन, ती गोंदियाची, तिच्यावरून मुंबई-कलकत्ता. आमच्याकडे माणसांनाही ते लागू होतं. कोणाची सोयरीक पैसेवाल्या शहरी घरी जमली की म्हणायचे, ‘पोट्टी बडी लाइनवर गेली बापा.’ आणि तिसरी, ट्रालीची लाइन. खोदलेला दगड लोखंडी डब्यांत, म्हणजे टबांत, भरून ते डबे जिच्यावरून ढकलत नेत, ती. बाबा तेच काम करायचे.

शेजारच्या काकूंनी सांगितलं, लाइन म्हणजे राशनची. दुष्काळाची वर्षं होती. अमेरिकेची लाल ज्वारी यायची आणि पहाटे जाऊन आपल्या नंबरावर दगड ठेवून यावा लागायचा. “आन माहा दगड कोनी सरकवला का मंग मी त्याले लाइनवर आनते,” काकू म्हणाल्या. एका दमात दोन अर्थ झाले. त्यांच्या घरचे काका खाणीच्या विजेच्या खात्यात लाइनमन होते. ते म्हणाले, “लाइन म्हनजे जे सदा जाऊन राह्यते ते.” चौकीदारानं सांगितलं की बैहरला जाणारी मोटार ही लाइनची गाडी, आणि लाकडं भरून जाणारा ट्रक हा बिनालाइनचा. कोणी म्हणालं, साहेबापाशी ओळख काढून काम करून घेणं म्हणजे लाइन लावणं. कोणी म्हणालं, रस्ता मोकळा असला की लाइन क्लिअर.

शेवटी ती आमच्या ओसरीवर आली आणि माय चुलीपाशी आहे हे बघून हळूच म्हणाली, “एक राह्यला. पोट्टे मारते ते.”

“ते लिहू नोको.”

“काहून? अर्थच हाय ना तो?”

आतून माय ओरडली, “काय मारते वो पोट्टे?”

“माशा, माय, माशा.”

तिनं तो अर्थ लिहिला. ‘परत परत कोणाकडे बघणे’ असं सरळ इंग्रजीत लिहिलं. मास्तरांनी त्याखाली लाल रेघ ओढली आणि तरी तिला वर्गात सगळ्यात जास्त मार्क दिले. मास्तर तिला म्हणाले होते की मॅट्रिक झालीस की ट्रेनिंगला जा, तू मास्तरीण होशील. ते वाक्य ती दिवसभर घरात फिरवत होती. आमच्या ताटलीतल्या भाकरीचे तुकडेसुद्धा तिनं त्या दिवशी मास्तरिणीसारखे मोजून वाढले.

एक अर्थ मात्र तिला कोणी सांगितला नव्हता, कारण लाइनीत तो शब्द दिवसाउजेडी कोणी तोंडातून काढत नसे. ‘लाइन सुटणे.’ कामगार म्हातारा झाला, मेला किंवा निकामी झाला की त्याची खोली जायची. बैलगाडी यायची, खाट, रांजण, कोंबड्या चढायच्या, आणि घरचे लोक मूळ गावी किंवा जातील तिथं जायचे. हे झालं की म्हणायचे, त्याची लाइन सुटली.

आम्हाला मूळ गाव म्हणण्यासारखं नव्हतं. होतं ते किरनापूरच्या पलीकडे, पण तिथं बाबांनी गावकीची कामं करायला नकार दिला होता आणि तिथून ते उठून आले होते. छप्पन साली बाबा नागपूरला जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी कोनाड्यातले देव फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडले. मायनं दोन दिवस कोनाड्याकडे पाहिलंही नाही. मग तिनंच कोनाडा सारवला आणि तिथं बुद्धाची तसबीर ठेवली. त्यानंतर बाबांच्या डोक्यात एकच गोष्ट होती, पोरगं कॉलेजात गेलं पाहिजे. मी गेलो. बालाघाटला सायकलनं जायचो आणि यायचो. पुस्तकं हिंदीतून, बोलणं हिंदीतून, घरी आलो की आपली बोली. कॉलेजात पहिल्या दिवशी एकानं विचारलं होतं, “कौन-सी लाइन ली है?” मला वाटलं, हा खोलीच विचारतो आहे. आर्ट्स म्हणायचं असतं हे मला दुसऱ्या मुलाचं उत्तर ऐकून कळलं.

पास झालो तेव्हा बाबांनी मला बालाघाटला फोटोच्या दुकानात नेलं. काळा गाऊन दुकानदाराकडेच होता, भाड्यानं द्यायचा. त्या गाऊनमधला माझा फोटो बाबांनी चौकट करून आणला आणि कोनाड्यात बुद्धाच्या शेजारी ठेवायला निघाले.

माय म्हणाली, “तिथं नाई. तो काही बुद्ध नोहोय. काल याले मी बनेन धुवून देल्लं.”

मग फोटो भिंतीवर लागला. पण त्याआधी बाबा तो काखेत मारून खाणीच्या ऑफिसात गेले. सोबत पेढे. बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना पेढा, टाइमकीपरला पेढा, चपराश्याला पेढा, आणि साहेब जीपमधून उतरत होते तर त्यांच्याही पुढं पेढ्याचा पुडा धरला. “साहब, लड़का ग्रॅज्युएट हो गया।” साहेबांनी पेढा घेतला, फोटो बघितला आणि बाबांच्या खांद्याला हात लावला. खांद्याला हात लावला हे बाबा पुढं कित्येक दिवस सांगत होते. आमच्या माणसाच्या खांद्याला हात लागणं ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती, म्हणून मीही ते दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचो.

त्याच पावसाळ्यात डबा लाइनवरून उतरला. पटरीखालची माती वाहून गेली होती. भरलेला डबा बाबांच्या पावलावर कलंडला. बालाघाटच्या दवाखान्यातून ते काठी घेऊन परत आले, आणि पाय काही जमिनीवर पुरता टेकेना. खाणीच्या डॉक्टरांनी ‘अनफिट’ म्हणून सांगितलं.

आता आमच्या खाणीतली रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं समजेल. ती कुठं लिहिलेली होती की नाही मला माहीत नाही, पण सगळे ती पाळत. निकामी झालेल्या माणसाच्या जागी त्याच्या घरचं माणूस लागायचं. मुलगा असला तर मुलगा, नाही तर जावई. त्याच्या नावावर नोकरी चढली की खोलीही त्याच्या नावावर राहायची, आणि म्हातारी माणसं तिथंच मरेपर्यंत राहायची. पावसाळा संपला की दिवाळीनंतर कामगारांच्या नव्या टोळ्या बांधल्या जात. त्याच्या आत माणूस द्यायचा. नाही दिला तर बैलगाडी.

मला वाटलं, यात काय अवघड? मुलगा मी होतोच. नोकरीचे अर्ज मी चारी दिशांना पाठवले होते आणि बालाघाटला नाव नोंदवायच्या ऑफिसापुढं उभा राहून आलो होतो. तिथं माझ्या पुढंमागं सगळे माझ्यासारखेच, सगळ्यांच्या काखेत डिग्रीची तशीच गुंडाळी. एकानं मला विचारलंही, “तुझी वर कुठं लाइन आहे का?” मी म्हटलं, “नाही.” तो म्हणाला, “मग ही लाइन कशाला धरून ठेवतोस?” तरी नोकरी आज ना उद्या लागणार याची मला खात्री होती. तोवर टब ढकलू, काय बिघडतं? हात-पाय धड होते.

मी बाबांना घेऊन बडे बाबूंकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. त्यांनी बाबांना बाकावर बसवलं आणि मला बाजूला घेतलं.

“तुझे टब पर लगाऊँ? पागल है क्या?”

“बाबूजी, काम मला जमेल.”

“काम की बात नहीं है बेटा। पढ़ा-लिखा आदमी टब नहीं ढकेलता, अर्ज़ी लिखता है। अपनी भी, दूसरों की भी। साहब ऐसे आदमी को खदान में घुसने नहीं देते।”

“मग ऑफिसात द्या काही.”

“ऑफिस की लाइन ऊपर से लगती है। वो मेरे हाथ में नहीं।” त्यांनी बाबांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “एक काम कर। तेरा बाप साहब के सामने इतना बोल दे कि लड़का आठवीं पास है। मैं चुप रहूँगा। चढ़ा दूँगा।”

मी बाहेर येऊन बाबांना सांगितलं. ते बाकावरून उठले. आम्ही पटरीच्या कडेनं चालत निघालो. ते काठी टेकत पुढं, मी मागं. बावडीपाशी आल्यावर ते थांबले.

“कोन म्हनन? मी?”

“दोनच शब्द हायेत बाबा.”

“माह्या तोंडानं मी माह्या पोराले आठवी पास म्हनू? मंग मी इतके वर्सं डबे ढकललो कायले?”

“खोली जाईन.”

“जाऊ दे खोली. खोली माही नोहोय. बीए माहा हाय.”

‘बीए माझा आहे’ असं म्हणाले ते. मला राग आला आणि छातीही भरून आली, आणि या दोन्हींतलं एकही काही उपयोगाचं नव्हतं.

ही गोष्ट लाइनीत लपून राहिली नाही. बिनमुलाच्या घरी जावई शोधतात तसं आमच्याकडे बघायला लोकांनी सुरुवात केली. मुलगा असून नसल्यासारखा, आणि घरात लग्नाची मुलगी. दसऱ्याच्या आसपास पहिल्यांदा मागणी घालायला माणसं आली. मुलगा खाणीतच रोजंदारीवर होता, कायमचा नव्हता. बहिणीपेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा असेल. व्यसन नाही, बोलणं कमी, हात दगडासारखे. त्याच्यात नाव ठेवायला काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. वाईट असता तर मी भांडलो असतो.

त्याचा काका बोलायला होता. “आमाले काही नोको. हुंडा घेनं-देनं आपल्या समाजात बंदच केलं. दोन हार, पांढरं पाताळ, वंदना, झालं.” मग जरा थांबून, “पोट्टं पर्मनंट होऊन जाईन, तुमची बी लाइन राहीन.”

हुंडा घ्यायचा नाही हे आमच्या लोकांनी खरोखर ठरवलं होतं आणि खरोखर पाळलं होतं. त्या बैठकीला बसलेल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही की नोकरी आणि खोली मिळून हा लाइनीतल्या कुठल्याही मुलीला आजवर दिलेला सगळ्यात मोठा हुंडा होता. माझ्या मनात आलं. मी म्हटलंही.

मुलाचे काका हसले. “बीए झाल्यावर मानसाले घरातला पलंग बी हुंडा दिसते.”

सगळे हसले. बाबाही.

लोक गेल्यावर बहीण मागच्या दारातून आत आली. ती काकूंकडे बसली होती, पण मधली भिंत अर्धीच, त्यामुळे तिनं सगळं ऐकलं होतं. ती फुलपात्रं उचलायला लागली.

“मॅट्रिकची परीक्षा मार्चमंदी हाय,” ती कोणाकडेही न बघता म्हणाली. “तवरी थांबन काय तो?”

माय म्हणाली, “टोळी दिवाळीनंतर बांधते माय.”

“मंग तो थांबन, टोळी नाई थांबन. असंच ना?”

मी म्हटलं, “हे होनार नाई. मी काहीतरी करतो.”

“काय करशीन?” हे तिनं टोमणा मारायला विचारलं नव्हतं. तिला खरंच माहिती हवी होती. डिक्शनरीत एखादा शब्द विचारायची तसंच. “सांग ना गा दादा. काय करशीन? मले सांग, म्हनजे मी बी तसं माहीत ठेवते.”

मी दुसऱ्या दिवशी सायकल काढली. किरनापूरला एका खासगी शाळेत जागा आहे असं ऐकलं होतं, तिथं गेलो. संस्थेच्या माणसांनी पाणी दिलं, बसवलं, कोणत्या समाजाचे म्हणून विचारलं आणि कळवतो म्हणाले. कॉलेजातल्या एका प्रोफेसरांकडे गेलो. ते म्हणाले, “धीरज रखो, सरकारी भरती खुलेगी।” कधी खुलेगी ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमच्या समाजातले एक वकील होते. त्यांनी सांगितलं, “खाणीवर केस करता येईल.” मी विचारलं, किती दिवस लागतील? ते म्हणाले, “तुम्ही शिकलेले आहात, हे विचारता?” बहिणीच्या मास्तरांकडेही गेलो. त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी तिचं नाव हजेरीत परीक्षेपर्यंत ठेवीन म्हणून सांगितलं. त्यांच्या हातात तेवढंच होतं, त्यांनी तेवढं दिलं.

दिवाळीला थोडे दिवस राहिले आणि एका सकाळी बाबांनी स्वतःच डोक्याला पागोटं बांधलं.

“चाल,” ते मला म्हणाले. “तू बाहेर उभा राय. मी म्हनतो आठवी पास.”

मायनं मागून विचारलं, “आता कायले?”

“पोट्टी रातभर कूस बदलून राह्यली. मले झोप येते काय?”

बडे बाबूंनी आम्हाला बघून मान हलवली आणि साहेबांच्या खोलीचं दार उघडलं. मी बाहेर, दार अर्धं लोटलेलं. बाबा आत काठीवर वाकून उभे होते, त्यांची पाठ मला दिसत होती.

“साहब, मेरा लड़का... मेरी जगा पे...” बाबा थांबले. त्यांनी पागोट्याला हात लावला. “आठवी पास है साहब।”

मग साहेबांचा आवाज आला, अगदी चांगला, हसरा.

“अरे, तुम वही हो न? पेड़े वाले? क्या नाम उसका, काला गाऊन पहने था। दूसरा भी लड़का है तुम्हारा?”

बाबांनी ‘हौ’ म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं मला कितीदा वाटलं आहे. दुसरा मुलगा आहे म्हणायचं. साहेब काही खोलीत मोजायला येणार नव्हते. पण बाबांना एका वेळी एकच खोटं बोलता येत होतं, आणि ते बोलून झालं होतं.

“नाही साहब,” ते म्हणाले. “एकच हाय.”

साहेब रागावले नाहीत. “ऐसे लड़के से डब्बा ढकलवाओगे? शर्म की बात है। उसको बड़ा आदमी बनाओ।” आणि त्यांनी परत एकदा बाबांच्या खांद्याला हात लावला. ते मी दाराच्या फटीतून पाहिलं. घरी आल्यावर बाबांनी ते कोणाला सांगितलं नाही.

लग्न दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी झालं. बावडीपुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला. बहीण पांढऱ्या पातळात बसली होती. वंदनेचे शब्द तिला सगळे पाठ होते. नवऱ्याला नव्हते, तो तिच्या मागून हळूहळू म्हणत होता. काकूंनी तिच्या कानात काहीतरी चावट सांगितलं आणि ती हसलीसुद्धा. लाइनीतल्या बायका म्हणत होत्या, पोरगी नशीबवान, सासर नाही की सासू नाही, माहेरच्याच चुलीवर रांधायचं. ते खरं होतं. तिला कुठंही जायचं नव्हतं. वाजंत्री थांबली, माणसं जेवून गेली, आणि ती त्याच खोलीत आत गेली जिच्यातून सकाळी बाहेर आली होती. त्या रात्री बाबा, माय आणि मी ओसरीवर झोपलो.

जावई टोळीत कायमचे लागले, खोली त्यांच्या नावावर चढली, आणि माणूस चांगला निघाला. पहिल्या महिन्यात ते म्हणाले, “परीक्षेले बसू द्या तिले. माह्याकडून काही नाई.” आणि त्यांच्याकडून खरंच काही नव्हतं. पण पहाटेच्या पाळीचा डबा चार वाजता करावा लागे, बाबांच्या पायाला शेक द्यावा लागे, राशन आणावं लागे, आणि फेब्रुवारीत तिला उलट्या सुरू झाल्या. परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती उठली, वेणी घातली आणि परत आडवी झाली. मी सायकल घेऊन दारात उभा होतो, तिला डबलसीट नेणार म्हणून.

“तू जा,” ती म्हणाली.

“मी जाऊन काय करू?”

“तेच तर,” ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

सरकारी भरती पुढच्या वर्षी खुली झाली. मला बिरसा भागातल्या एका शाळेत मास्तरकी मिळाली. घाट चढून लाइनच्या गाडीनं जायचं, मग पायी. रुजू झालो त्या दिवशी मुलांनी मला ‘गुरुजी’ म्हणून हाक मारली आणि मी मागं वळून बघितलं, कोणाला म्हणतात म्हणून. पहिल्या सुटीला घरी आलो ते मनात ठरवूनच. बाबांना आणि मायला बिरसाला घेऊन जायचं, बहिणीला पुढच्या वर्षी परीक्षेला बसवायचं, भाच्याला माय सांभाळेल.

मी ओसरीवर बाबांच्या खाटेवर बसून हे सगळं सांगत होतो. बाबा ऐकत होते. बहीण सुपात ज्वारी निवडत होती, मूल तिच्या मांडीवर. ती मध्येच म्हणाली, “तिथं नदी हाय काय गा, दादा?” मी म्हटलं, “हाय, लहान हाय.” ती म्हणाली, “बरं हाय.” मी परत परीक्षेचा विषय काढला. ती म्हणाली, “तो पाळीवर गेलता, आता येईनच. पानी तापवा लागते.” आणि उठली.

बाबा म्हणाले, “तिथं आमी दोघं काय करू दिवसभर? इथं चार लोकं हायेत. आन तिले एकटीले पोट्टं सांभाळून होत नाई.” मग जरा वेळानं, “तू येत जा. आमी इथं बरे हावो.”

तेवढ्यात जावई पाळीवरून आले. अंगावर मँगनीजची काळी धूळ, डोळे तेवढे दिसत होते. त्यांनी मला बघून हात जोडले. मला हात जोडायला ते कधीच चुकले नाहीत. बाबा काठीवर जोर देऊन खाटेवरून उठले आणि भिंतीशी सरकून उभे राहिले. कोणी त्यांना तसं करायला सांगितलेलं नव्हतं. जावई म्हणाले, “बसा ना बाबा, बसा,” पण पाळीनं त्यांचेच पाय दुखत होते, तेच खाटेवर बसले. बहिणीनं आतून गरम पाण्याची बादली आणून त्यांच्यापुढं ठेवली.

मी अजून खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलेला होतो. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, काही शिकवणंही नव्हतं. मीही उठलो आणि त्यांच्या शेजारी भिंतीला लागून उभा राहिलो.